सत्यवतीची विहीर आणि देवाची फुलं

सत्यवतीच्या भाकऱ्या पिवळ्या निघाल्या, ही बातमी आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडल्याच्या बातमीपेक्षा लवकर पसरली. लिफ्टचं काय, ती अधूनमधून बंद पडतेच. सत्यवतीची भाकरी मात्र मी ओळखते तेव्हापासून एकदाही बिघडलेली नव्हती.

तांदळाच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका आमच्या भागात पुष्कळ आहेत. पण सत्यवतीची भाकरी म्हणजे ताटाबाहेर जाणारी, हातावर थापलेली, पातळ आणि पांढरीशुभ्र. दुपारपर्यंत मऊ राहते. पनवेल-उरणकडच्या आगरी लग्नांत हळदीच्या दिवशी हजार माणूस जेवायचं असेल तरी तिच्याकडे मागणी असते. त्यातून वेळ काढून ती मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो उभा करते, आणि आम्ही बायका डबे घेऊन खाली उतरतो.

त्या शुक्रवारी मी डबा उघडला आणि पुन्हा झाकला. मग पुन्हा उघडला. भाकरी जुन्या पुस्तकाच्या पानासारखी दिसत होती.

"पीठ जुनं होतं का गं?" मी विचारलं.

"पीठ नवा हाय, बाई. हात माझाच हाय, तवा माझाच हाय. मंग ऱ्हायला काय? पानी." तिने डबा माझ्या हातातून काढून घेतला. "ही नका खाऊ. गायीला घालते. ती रंग नाय बगत."

सत्यवती साठी ओलांडलेली, उंच, सडसडीत बाई. नऊवारी घोट्याच्या वर कसलेली आणि चालणं असं की मागच्याने पळावं. तिचं माहेर मिठागरवाल्यांचं. लहानपणी वडिलांबरोबर मिठाचे ढीग ओढून तिच्या टाचा अशा कडक झाल्या आहेत की अजून ती अंगणात अनवाणीच फिरते. सासर उलव्याच्या अलीकडच्या एका पाड्यातलं. सासरची भातशेती प्रकल्पात गेली, मिठागरं त्याआधीच गेली होती. बदल्यात मिळालेल्या जागेवर मुलाने, निकेशने, चार मजली इमारत बांधली. सत्यवती मात्र मागच्या बैठ्या घरातच राहिली, कारण विहीर मागच्या अंगणात आहे.

ही विहीर तिचे यजमान तुळशीराम यांनी लग्नाच्या वर्षी भावांना घेऊन खणली होती. तांबडा मुरूम फोडत खाली गेले आणि गोडं पाणी लागलं. खाडीच्या इतक्या जवळ गोडं पाणी लागणं म्हणजे नवलच. सत्यवती नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यासकट घमेली ओढत होती, हे तिने मला निदान दहा वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी घमेली थोडी जड झालेली असत. तुळशीराम गेल्यावर तिने भाकऱ्यांचा धंदा काढला तो या पाण्यावरच. घरात नळ आहे. पण नळाच्या पाण्याला म्हणे दवाखान्याचा वास येतो.

माझी नात समीक्षा त्या दिवसांत माझ्याकडे राहायला आली होती. ती पुण्यात मातीतल्या जिवाणूंवर संशोधन करते. पीएच.डी.चा प्रबंध लिहायला शांत जागा हवी म्हणून आली आणि सकाळी दहापर्यंत झोपून राहू लागली. तिला म्हटलं, चल, तुला तुझ्या विषयातलं काहीतरी दाखवते. खरं तर मला ते तिच्या विषयातलं आहे की नाही याची काहीच कल्पना नव्हती. मला फक्त तिला गादीवरून उठवायचं होतं.

आम्ही गेलो तेव्हा सत्यवती विहिरीच्या काठावर दोन स्टीलचे पेले ठेवून बसली होती.

"ह्या आता काडलाय," तिने एक पेला पुढे केला. पाणी काचेसारखं स्वच्छ. "आनि ह्या सकाली काडलेला." दुसऱ्या पेल्यातलं पाणी पिवळट, आणि तळाशी विटेच्या भुकटीसारखा गाळ. "काडताना शानं असतं, ठेवला की बिगरतं. माज्या जावेसारखं."

मग तिने त्याच पाण्याचा चहा दिला. मी बिनदुधाचा घेते. तो चहा दौतीतल्या शाईसारखा काळा झालेला होता. समीक्षाने मात्र आनंदाने कपात वाकून पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे पूर्ण उघडलेले दिसले.

"लोखंड आहे पाण्यात," ती म्हणाली. "चहातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की असा काळा रंग येतो. पाणी वर येतं तेव्हा लोखंड विरघळलेलं असतं, दिसत नाही. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तळाशी बसतो."

"इतकी वर्सं कुठं होता मंग?"

"ते मलाही बघायचंय, मावशी."

एवढ्यात निकेश आला. चाळिशीचा, अंगाने भरलेला, गळ्यात साखळी, एका हातात दोन फोन. मुलगा वाईट नाही. आईला दुखलंखुपलं तर रात्री-बेरात्री गाडी काढणारा. पण अंगणात रिकामी जागा दिसली की त्याला तिथे मोटारी दिसू लागतात. त्याच्या मुलीचं, रोशनीचं, लग्न मे महिन्याच्या अखेरीला ठरलं होतं आणि हळद याच अंगणात व्हायची होती.

"काकी, तुम्हीच सांगा आईला," तो मला म्हणाला. "विहीर मेली. वास येतो, पाणी लाल. अंगण सपाट करायला जेसीबी सांगितलाय. त्याच फेरीत विहीर बुजवून टाकू. स्लॅब टाकला की वीस गाड्या लागतील."

"आनि रोशनीला हलदीचं पानी कुठून आनशील?" सत्यवती म्हणाली. "बिसलरी फोडशील?"

त्यांच्या घरची रीत अशी की नवरीला हळद उतरवायच्या आंघोळीचं पाणी घरच्या विहिरीचंच. सुवासिनी वाजतगाजत विहिरीवर जातात, पूजा करतात, कळशा भरून आणतात. निकेशच्या बहिणींना याच विहिरीचं पाणी लागलं होतं.

"आई, लाल पाण्याने पोरीला आंघोळ घालणार का? फोटोत कशी दिसेल ती?"

सत्यवतीने त्याच्या पोटाकडे पाहून त्याला कमी खायला सांगितलं. शेवटी मायलेकांत असं ठरलं की जेसीबी येईपर्यंत पाणी बिघडण्याचं कारण सापडलं आणि ते सुधारण्यासारखं असलं तर विहीर राहील. नाहीतर बुजेल. जेसीबी एप्रिलच्या शेवटी यायचा होता. होळी नुकतीच झाली होती.

समीक्षाने पहिलं निदान मोठ्या आत्मविश्वासाने केलं. पंपाचा जुना लोखंडी पाइप गंजला असणार. निकेशने दुसऱ्याच दिवशी प्लॅस्टिकचा पाइप बसवला. पाणी होतं तसंच राहिलं.  सत्यवतीने काढलेला पाइप आमच्या पुढच्या भेटीपर्यंत दारातच ठेवला.

दुसरं निदान सत्यवतीच्या पुतण्याने, प्रणितने केलं. प्रणित गावातला कार्यकर्ता. कोणत्या पक्षाचा ते विचारायचं नसतं, कारण ते बदलतं. विहिरीच्या पाण्यावर एक तवंग आला होता, मोरपिसासारखा रंगीत. प्रणितने तो पाहिला आणि त्याला ऑइल दिसलं. जवळच्या कंटेनर यार्डातून जमिनीखालून ऑइल झिरपतंय, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं, फोनचा कॅमेरा चालू केला आणि बोलायला लागला, "मित्रांनो, आपल्या भूमिपुत्रांच्या विहिरी..."

"थांब जरा," समीक्षा म्हणाली. "एक काठी दे."

विहीर फार खोल नव्हती आणि आत उतरायला दगडी टप्पे होते. ती पाण्यापर्यंत उतरली आणि काठीने तवंग टोचला. त्याचे तुकडे झाले, फुटलेल्या काचेसारखे कोपरे असलेले, आणि ते तसेच तरंगत राहिले.

"तेल असतं तर काठी काढताच परत एक झालं असतं," ती खालून ओरडली. "हा तुकडे होऊन राहतोय. हे लोखंडाचं आहे, जिवाणूंचं काम आहे. ऑइल नाही."

प्रणितने कॅमेरा बंद केला. "मग मोर्चा कोणाच्या विरुद्ध काढायचा?"

"जंतूंच्या," सत्यवती म्हणाली. "जा, त्यांना निवेदन दे."

विहिरीतून वर येताना समीक्षा मध्येच थांबली. एका बाजूच्या दगडांच्या फटीतून पाणी पाझरत होतं आणि त्या फटीखालचा दगड शेंदरी झाला होता. बाकी तिन्ही बाजू कोरड्या, स्वच्छ. तिने वर पाहिलं. "मावशी, या बाजूला वर काय आहे?"

वर सत्यवतीची पुण्याई होती.

त्याचं असं आहे. देवाला वाहिलेली फुलं, निर्माल्य, आपल्याकडे कचऱ्यात टाकत नाहीत. पाय लागू नये म्हणून वाहत्या पाण्यात सोडायची पद्धत. पूर्वी सत्यवतीच्या पाड्यातले लोक खाडीवर जात. आता खाडीकडची वाट भिंतींनी अडली आहे आणि डोक्यावरून विमानं जातात. आमच्या सोसायट्यांमध्ये निर्माल्याचे कलश ठेवतात, पण कलशातली फुलं पुढे कुठे जातात हे कोणी सांगू शकत नाही. सत्यवतीला ही गोष्ट खात होती. भाकरी द्यायला येते तर जाताना टेम्पो रिकामाच जातो, म्हणून दोनेक वर्षांपूर्वी तिने ठरवलं की निर्माल्य आपण न्यायचं. आमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांतली फुलं ती पोत्यांनी नेऊ लागली. प्लॅस्टिकची पिशवी सापडली तर घराघरांत जाऊन ओरडायची. "देवाला हार घालता का पिशवी घालता?" तिच्या धाकाने आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हेतलबेन अगरबत्तीची रिकामी पाकिटंसुद्धा वेगळी ठेवू लागल्या.

ही फुलं ठेवायला तिने विहिरीजवळचीच जागा निवडली. विहिरीपाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे, तिथे कोणी चपला घालून जात नाही. म्हणजे फुलांना पाय लागायची भीती नाही. तिने खड्डा खणून घेतला. त्यात फुलं घालायची, वर तांबडा मुरूम पसरायचा, पुन्हा फुलं, पुन्हा मुरूम, असं चाललं होतं. रोज संध्याकाळी ती खड्ड्यावर बादली-दोन बादल्या पाणी ओतायची. देवाची फुलं तहानलेली राहू नयेत म्हणून.

समीक्षाने हे सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगून टाकलं, "मावशी, पाणी या खड्ड्यामुळे बिघडलंय."

आमची पोरगी हुशार आहे, पण बोलण्याआधी इकडेतिकडे बघायची तिला सवय नाही. सत्यवती उठली, घरात गेली आणि दार लावून घेतलं. निकेश आमच्याकडे पाहून म्हणाला, "काकी, आज चहा मिळणार नाही."

पुढच्या मंगळवारी टेम्पो आला नाही. शुक्रवारीही आला नाही. फाटकाशी निर्माल्याची पोती साचली आणि सोसायटीतल्या बायका माझ्याकडे अशा बघू लागल्या की जणू त्यांच्या घरचे देव मीच उपाशी ठेवले होते.

समीक्षाने माझ्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या बाहेर काढल्या. एकीत नुसता सत्यवतीच्या अंगणातून आणलेला तांबडा मुरूम आणि पाणी, झाकण घट्ट. दुसरीत मुरूम, पाणी आणि झेंडूची फुलं, झाकण घट्ट. तिसरीत तेच सगळं, पण झाकण नाही, आणि येताजाता चमच्याने ढवळायचं. हे ढवळायचं काम माझ्याकडे आलं, कारण समीक्षा पुन्हा दहापर्यंत झोपू लागली होती. चौथ्या बरणीत मुरूम, झेंडू आणि थोडा काळा रस, जो तिने सत्यवतीच्या खड्ड्यातून दार लागायच्या आधी एका बाटलीत भरून घेतला होता. हिचंही झाकण घट्ट. बरण्या माझ्या बाल्कनीत सावलीला ठेवल्या. त्या रंगपंचमीनंतरच्या आठवड्यात माझ्या रोजनिशीत बरण्यांच्या हवामानाशिवाय दुसरं काही नाही.

पहिली बरणी तांबडी ती तांबडीच राहिली. तिसरीतली फुलं कुजली, पण माती लालच होती. दुसरी मात्र हळूहळू फिकी पडत गेली, आणि चौथी तिच्याही पुढे गेली. तिच्यातला लाल मुरूम आठवड्याभरात राखेच्या रंगाचा झाला. लाल मातीचा रंग असा उडून जातो हे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, आणि माझं सगळं आयुष्य लाल मातीत गेलं आहे.

मी सत्यवतीला फोन केला. तुझ्याविषयी काही बोलायचं नाही, फक्त माझ्या बाल्कनीत काहीतरी दाखवायचं आहे, असं सांगितलं. ती आली. भाकऱ्या न आणता आली, म्हणजे राग अजून होता.

ती चौथ्या बरणीसमोर बसली. "ह्याच्यात राख टाकली?"

"नाही, मावशी. तुमच्या अंगणातलाच मुरूम आहे. शेजारच्या बरणीतला तोच."

"मंग रंग कोनी खाल्ला?"

"तेच सांगते. मातीत जिवाणू असतात. त्यांना आपल्यासारखंच दोन गोष्टी लागतात, खायला आणि श्वास घ्यायला. फुलं म्हणजे त्यांचं जेवण. खड्डा पाण्याने भरलेला, वरून दाबलेला, म्हणजे आत हवा नाही. मग काही जिवाणू असे असतात की हवेऐवजी मुरमातल्या गंजावर भागवतात. मातीचा लाल रंग म्हणजे गंजच. ते त्याचं रूप पालटतात आणि तो पाण्यात विरघळतो. विरघळलेलं लोखंड पाण्याबरोबर विहिरीत येतं, तिथे हवा लागते आणि परत गंज होतो."

सत्यवतीने पहिल्या बरणीकडे बोट दाखवलं. "ह्याच्यात बी हवा नाय. ही का लाल?"

"हिच्यात जेवण नाही. उपाशी जिवाणू काय काम करणार?"

"निकेशसारखे," सत्यवती म्हणाली. राग एक पायरी उतरला होता. "आनि ही चवथी एवरी का धावली?"

"तिच्यात तुमच्या खड्ड्यातला काळा रस आहे. फुलं कुजून कुजून होतो तो. जिवाणूला गंजाच्या खड्यापर्यंत स्वतः जायला जमतंच असं नाही. हा रस मध्ये ने-आण करतो. जिवाणूकडून भार घेतो, गंजाला नेऊन देतो, रिकामा होऊन परत येतो, पुन्हा घेतो. स्वतः संपत नाही."

सत्यवतीने मान हलवली. "म्हंजे माजा टेम्पोवाला. भाकऱ्या टाकून रिकाम्या टोपल्या घेऊन येतो."

समीक्षा माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या प्रबंधातल्या एका अख्ख्या प्रकरणाची ही एका ओळीत वाट लागली होती. नंतर तिने ते वाक्य कुठेतरी लिहून घेतलेलं मी पाहिलं.

पण सत्यवतीचं खरं दुखणं अजून बाहेर आलं नव्हतं. ती पदराने बरणीचं झाकण पुसत बसली. मग म्हणाली, "पोरी, मी देवाची फुलं मान देऊन ठेवली. पाय लागू दिला नाय. रोज पानी घातला. आनि त्याच फुलांनी माज्या धन्याची विहीर नासवली, असं गावात सांगू? लोक काय बोलतील, देव कोपला म्हनतील."

समीक्षाने या वेळी बोलण्याआधी इकडेतिकडे पाहिलं. पाहून म्हणाली, "फुलांचा दोष नाही, मावशी. तिसऱ्या बरणीत तीच फुलं आहेत, बघा, माती लालच आहे. फक्त तिला वारा लागतो. तुम्ही फुलांना पाणी दिलंत, माती दिलीत, सगळं दिलंत. वारा तेवढा द्यायचा राहिला."

"वारा," सत्यवती म्हणाली.

मला माझ्या शाळेच्या कॉन्व्हेंटमधल्या माळीण सिस्टरची आठवण झाली. चॅपलमधली सुकलेली फुलं ती स्वयंपाकघराच्या मागे एका लाकडी चौथऱ्यावर पसरत असे आणि दांड्याने वरखाली करत असे. त्याचं खत गुलाबांना जायचं. मी हे सांगितलं.

"चवथऱ्यावर?" सत्यवतीने विचारलं. "म्हंजे उंचावर. पाय नाय लागनार."

"नाही लागणार."

"तुमच्या त्या सिस्टरला तरी अक्कल होती."

ती उठली. जाताना फाटकाशी साचलेली निर्माल्याची पोती मागितली. माझ्या लक्षात आलं की निकेशच्या इमारतीच्या गच्चीवर चौथरे घालून तिथे फुलं पसरायचा ती विचार करते आहे.

जेसीबी ठरल्याप्रमाणे एप्रिलच्या अखेरीला आला. निकेशने आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. मला वाटतं त्याला साक्षीदार हवे होते. सत्यवती पहाटेच अंगणात येऊन बसली होती, विहीर आणि यंत्र यांच्या मधोमध, पाटावर. यंत्र चालवणारा तरुण बिचारा खाली उतरून निकेशला विचारत होता, "साहेब, आजी उठणार का?"

"आई, कारण सापडलं म्हणतेस, पण पाणी तर लालच आहे," निकेश म्हणाला. "पाऊस आला की अंगणाचा चिखल होईल. लग्न समोर आलंय."

"पानी सुदरंल."

"कधी?"

सत्यवतीने समीक्षाकडे पाहिलं. समीक्षा खोटं बोलत नाही, आणि त्या क्षणी तिने बोलावं असं मला फार वाटलं. "लगेच नाही," ती म्हणाली. "खड्डा काढला, विहीर दोन-चारदा उपसली, तर हळूहळू. पुरतं स्वच्छ व्हायला पावसाळा लागेल."

"म्हणजे हळदीपर्यंत नाही."

"बरंच कमी होईल. पण पूर्ण नाही."

निकेशने दोन्ही फोन खिशात टाकले. हे मी त्याला पहिल्यांदाच करताना पाहिलं. त्याने आईकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. मग यंत्रवाल्याला म्हणाला, "पहिला तो खड्डा काढ. बघू तर दे काय आहे खाली."

जेसीबीने पहिला घास घेतला आणि सगळ्यांनी नाकं धरली. वरचा मुरूम लाल होता. त्याच्याखाली काळा रबडा. आणि त्याच्याखाली मुरूमच, पण निळसर करडा, ओल्या पाटीसारखा. खड्ड्याच्या कोरड्या कडा मात्र जशाच्या तशा लाल. कोणीतरी आतून रंग धुऊन काढल्यासारखी ती वाटोळी रेघ स्पष्ट दिसत होती. सत्यवती पाटावरून उठली आणि वाकून करड्या मातीचा गोळा हातात घेतला.

"ह्या आमचाच मुरूम?"

"तुमचाच."

"किती फिका परला रे," ती मातीला म्हणाली.

सगळी माती काढून अंगणाच्या कडेला पसरून ठेवली. काळा रबडा निकेशने टेम्पोतून एका बागवाल्याकडे पाठवला. खड्डा स्वच्छ मुरमाने भरला. विहीर बुजवायचं त्या दिवशी कोणी बोललं नाही, कारण यंत्राची वेळ संपली होती. निकेशने त्याला परत कधी यायचं ते सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवतीने मला फोन केला. समीक्षाला घेऊन या म्हणाली. आम्ही गेलो तर ती त्या पसरलेल्या मातीपाशी निकेशचा दंड धरून उभी होती. रात्रभर वारा लागून करडी माती वरून तांबूस झाली होती. ढेकूळ फोडलं तर आत अजून निळसर, बाहेर गंजाचा पातळ थर.

"बगितला?" ती मुलाला म्हणत होती. "मातीला बी वारा लागला की तिचा रंग परत येतो. आनि तू विहिरीवर स्लॅब टाकतोस."

निकेशने ढेकूळ हातात फिरवलं. "आई, मी कुठे टाकतोय. तूच टाकू देत नाहीस."

"मंग ठरला."

"काय ठरलं?"

"नाय टाकायचा, ठरला."

त्याने मान डोलावली की मातीचा हात झटकला, हे मला नीट कळलं नाही. पण त्या दिवसानंतर विहीर उपसायला पंप तोच लावू लागला, आणि पहिल्या उपशाला स्वतः आत उतरून दगडांवरचा शेंदरी थर काथ्याने घासून काढला. वर आला तेव्हा त्याची बनियन कायमची बाद झालेली होती.

निर्माल्यासाठी आता गच्चीवर बांबूचे मोठे चौथरे आहेत. फुलं पसरतात, सुकतात, सत्यवती काठीने वरखाली करते, आणि पाणी घालत नाही. पाणी घालायची सवय जायला तिला वेळ लागला. निकेशच्या बायकोने मला सांगितलं की पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की सासूबाई बादली घेऊन जिन्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव होता, धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, आणि पाहुण्यांच्या मोटारी थेट रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. सुवासिनींनी विहिरीची पूजा केली, कळशा भरल्या. मी मुद्दाम पुढे होऊन पाहिलं. पाण्याला अजून किंचित पिवळी छटा होती. माझ्या शेजारी सत्यवतीच्या सुनेच्या माहेरची एक बाई उभी होती. तिची नजर बारीक.

"पाणी जरा पिवळं वाटतंय का हो?"

"हलदीचा पानी हाय," सत्यवतीने तिच्याकडे न बघता सांगितलं. "पिवला नको तर काय निला पायजे?"

रोशनी पाटावर बसली. तिच्या अंगावर इतकी हळद होती की त्या कळशीने आणि त्या छटेने काही बिघडण्यासारखं नव्हतं. पाच जणींनी पाणी घातलं. शेवटची कळशी आजीची. ती नातीच्या डोक्यावर हळूहळू ओतताना सत्यवती काहीतरी पुटपुटत होती. मंत्र असेल म्हणून मी जवळ गेले. ती म्हणत होती, "तुज्या आजोबांनी खनलीय, समजलं ना? मी घमेली उचललीत."

मांडवाबाहेर विहिरीपाशी गोंधळ चालला होता. उशिरा आलेल्या कोणा पाहुण्याने गाडी आत आणून विहिरीच्या कठड्याला टेकवली होती आणि उतरून चालायला लागला होता. निकेश मांडव सोडून धावत गेला. ढोलताशातूनही त्याचा आवाज आम्हाला ऐकू आला.

"अरे, गाडी तिकडे रस्त्यावर लाव. इथे विहीर आहे, दिसत नाय का तुला?"